उजेडातून आलेलं तिचं बोलणं

माझे कान मागानं खाल्ले. तक्रार म्हणून सांगत नाही. ज्या कारखान्यात मी चादरी विणल्या तिथं कान शाबूत ठेवून कुणीच म्हातारा झाला नाही. एका छपराखाली माग एकाला एक लागून उभे, प्रत्येकाचा धोटा इकडून तिकडं आपटतोय, पायाखालची फरशी हलतीय. मंद्रूपहून मी पहिल्यांदा आत गेलो तेव्हा कानावर हात ठेवून बाहेर पळालो होतो. दुसऱ्या दिवशी परत गेलो. गावाकडं जाऊन 'आवाजाला भ्यालो' असं कुणाच्या तोंडावर सांगणार?

कारखान्यात मालक तेलुगूत बोलायचे, मागांवर देखरेख करणारा जॉबर दखनीत शिव्या द्यायचा, अक्कलकोटकडची माणसं कानडीत आणि आम्ही मराठीत. माग सुरू झाले की सगळ्या भाषा बंद. मग हातानं बोलायचं. दोन बोटं ओढून दाखवली की धागा तुटला. अंगठा ओठाला लावला की चहा. डोक्यावर पंजा आडवा ठेवला की मालक आले, कारण मालक टोपी घालायचे. आणि हातानं जे सांगता येत नव्हतं ते ओठांनी. समोरच्याच्या तोंडाजवळ तोंड न्यायचं, मान वाकवायची आणि ओठ बघायचे. शाळेत मी दुसरीपर्यंतच गेलो, छापलेलं वाचायला मला आजही वेळ लागतो. पण ओठ मी धडाधडा वाचायचो. कुणी लांबून मला शिवी दिली तर तिथल्या तिथं परत मिळायची.

माझी बायको त्याच कारखान्यात होती. धोट्यात आडव्या सुताची कांडी बसवतात, त्या कांड्या बायका भिंतीपलीकडच्या खोलीत भरायच्या. भिंतीला मधे एक काच होती, सुताच्या धुळीनं कायम पांढरी झालेली. ती पदरानं तेवढ्यापुरती गोल पुसायची आणि त्या गोलातून मला विचारायची, जेवला का? मी मान हलवायचो. मग ती विचारायची, सगळं? मी डबा उलटा करून दाखवायचो.

तिचा आवाज मात्र मला लाईट गेली की ऐकायला मिळायचा. तेव्हा लाईट सारखी जायची. माग एकदम बंद पडायचे आणि एवढी शांतता व्हायची की कान दुखायचे. एकदा माझ्या शेजारच्या मागावरचा गडी माझ्या कानात ओरडून सांगत होता, "मालकाची टोपी काढली तर आत नारळ हाय, नारळ!" आणि नेमकी 'नारळ' म्हणताना लाईट गेली. मालक दारात उभे. कुणी हलेना. गडी तसाच तोंड उघडं ठेवून उभा. आणि भिंतीपलीकडून बायको हसली. तिला हसू कधीच आवरत नव्हतं. मग सगळा कारखाना हसला, मालकांनी टोपी काढून टक्कल दाखवलं आणि म्हणाले, "बघून घ्या आणि कामाला लागा." ते हसणं मला अजून आठवतं. कान गेले तरी आठवणीत ऐकू येतं ते येतंच.

पुढं कारखाना बंद झाला. आम्ही भवानी पेठेतल्या ह्याच दोन खोल्यांत राहिलो, आणि घरातही हातानंच बोलत राहिलो. सून नवीन आली तेव्हा घाबरली होती. आम्हा सासू-सासऱ्यांना ती अत्या-मामा म्हणते; मुलाला म्हणाली, "अत्या आणि मामा दिवसभर भांडतायत का?" मुलगा म्हणाला, "भांडत न्हाईत, भाजी काय करायची ते ठरवतायत." सुनेनंही पुढं चार खुणा शिकून घेतल्या. चहाची पहिली.

मागच्या श्रावणात बायकोला लकवा मारला. उजवी बाजू गेली. जिवावरचं टळलं म्हणून सगळे देवाला नारळ फोडत होते, मी पण फोडला. पण हळूहळू मला कळत गेलं की काय गेलंय. उजवा हात उचलेना, डाव्याला खुणांचं वळण नव्हतं, म्हणजे खुणा गेल्या. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, म्हणजे ओठ वाचता येईनात. आवाज उरला होता तो एवढा बारीक की चांगल्या कानाच्या माणसाला उशीजवळ वाकावं लागायचं. आणि माझे कान तर तुम्हाला सांगितलेच. आमच्या दोघांत बोलायचे जेवढे रस्ते होते ते सगळे एकदम बंद झाले.

दुपारी घरात आम्ही दोघंच. मुलगा आणि सून कामावर, नात इंजिनिअरिंग कॉलेजात. जेवण झालं की ती मला काहीतरी सांगायची. मी तिच्या तोंडावर वाकायचो, निरखून बघायचो, काही कळायचं नाही. ती डावा हात उचलून वर दाखवायची. वर पंखा. मी पंखा वाढवायचो. ती पुन्हा सांगायची, पुन्हा हात वर. मी आणखी वाढवायचो. मग ती डोळे मिटून डाव्या हातानं चादर अंगावर ओढून घ्यायची. मी म्हणायचो, चला, बाईला बरं वाटलं.

संध्याकाळी नात म्हणायची, "आबा, आजीला विचारू का काय हवंय ते? मी ऐकून तुम्हाला सांगते."

मी तिला गप केलं. नवरा-बायकोच्या मधे दुभाषी कशाला? माझ्या बायकोचं बोलणं मला दुसऱ्याच्या तोंडून नको होतं. तिलाही नको होतं. नातीनं एकदा माझ्यामागं गुपचूप विचारलं तर तिनं नकारार्थी मान हलवली. ती काय माझ्यापेक्षा कमी हट्टी न्हाय.

दिवाळीनंतर तिनं मला काही सांगायचंच सोडलं. जेवण झालं की भिंतीकडं तोंड करायची. एवढ्या वर्षांत ती माझ्यावर रुसली नाही असं नाही. पण रुसली तरी हात हलायचे, खुणांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. ही पाठ मला नवीन होती.

कानाचं मशीन माझ्याकडं आहे, नाही असं नाही. एका शिबिरात मिळालं होतं. घातलं की पंखा, कुकर, गल्लीतली रिक्षा, सगळं मिळून डोक्यात घुसायचं आणि जे ऐकायचं ते कुठंतरी तळाला जायचं. त्याचा सेल मसुरीच्या दाण्याएवढा. माझी बोटं गाठी मारून जाड झालेली, सेल बसवताना चार वेळा पडायचा. पाचव्यांदा मी मशीनच डब्यात टाकलं आणि झाकण लावलं.

हे सगळं नातीनं बघितलेलं. ती शेवटच्या वर्षाला. संक्रांतीच्या सुमारास एक टेबलाचा दिवा, वायरींचं जाळं आणि तळहाताएवढी काळी काच घेऊन ती माझ्यापुढं बसली. गच्चीवर पाणी तापवायला बसवतात त्या सोलरची मला माहिती होती, ही वीज करणारी त्याची बारकी बहीण.

"आबा, ह्या दिव्यातनं आवाज जातो."

"दिव्यातनं उजेड जातो. आवाज तारेतनं जातो."

"उजेडातनंच जातो की. आजीच्या पदराला हा माईक लावायचा. ती बोलली की दिव्याचा उजेड कमी-जास्त होतो, इतका भराभर की डोळ्याला कळत नाही. दिवा शांतच दिसतो. पण ह्या काचेला ते कळतं. काच तुमच्या छातीवर, काचेतनं वायर कानात."

"आणि सेल?"

"सेल नाही. तोच उजेड काचेत वीज करतो, त्याच विजेवर कानातलं चालतं."

मी काच हातात घेऊन उलटसुलट केली. "म्हणजे एकाच उजेडानं ताटात भाकरी पण वाढायची आणि गप्पा पण मारायच्या."

"तसंच. उजेडाचा जो भाग स्थिर, त्याची वीज. जो थरथरतो, त्याचा आवाज."

मला लगेच माग दिसला. उभा ताणा आहे तसा ताठ राहतो, कापडाला तोच पेलतो. नक्षी काढतो तो आडवा धागा. तिला तसं म्हणालो. ती हसली, "तसंच म्हणा. पण कॉलेजात सांगायला येऊ नका."

तिची अडचण पुढं होती. काचेतनं वीज जास्त ओढली की आवाज दबायचा, आवाज मोठा घेतला की वीज पुरायची नाही. कॉलेजातल्या सरांनी सांगितलं होतं, दोन्हीतलं एक काहीतरी कर, पास होशील. ही म्हणाली दोन्ही करणार. हा हट्टीपणा कुठनं आला असं आमच्या घरात कुणी विचारत नाही.

पहिल्यांदा लावलं तो रविवार होता. बायकोच्या खाटेच्या वर खिळा ठोकून दिवा टांगला, माईक तिच्या पदराला. मी समोर स्टुलावर, गळ्यात काच, तालमीतल्या पैलवानाच्या ताईतासारखी. नात माझ्या मागं उभी, हातात मीटर, डोळे मीटरवर. "आजी, बोल."

कानात खर्रखर्र झालं. मग श्वास. खरंच सांगतो, तिचा श्वास. मग "आवं..."

बस, एवढंच. पुढं खर्रखर्र आणि मग तेही गेलं.

"बंद पडलं," मी म्हणालो.

नातीनं वायर हलवली, मी ताठ बसलो, पुन्हा लावलं. पुन्हा "आवं..." आणि पुन्हा बंद. असं किती वेळा झालं. दर वेळी एक शब्द यायचा आणि बंद. मी म्हणालो, "डबडं हाय." नातीचा चेहरा उतरला. तिनं ते सगळं उचलून नेलं, पुढचे काही दिवस डिंक तापवल्यासारखा वास घरभर, तिचं वायरींना शिशाचा डाग देणं चाललेलं. गंमत अशी, टेबलावर ठेवलं की चालायचं. तिनं स्वतः गळ्यात घातलं तरी चालायचं, आजी बोलायची आणि ही ऐकून मान डोलवायची. मला घातलं की बंद.

"माझ्या अंगातच खोट हाय म्हण की," मी म्हणालो.

"तसं कसं असंल आबा? मीटरचा काटा एकदम खाली येतो. कुठंतरी वायर सैल होतीय."

वायर सैल नव्हती. ते आमच्या खाटेवर पडलेल्या बाईनं ओळखलं.

पुढच्या रविवारची दुपार. पुन्हा दिवा, माईक, काच. तिनं सुरुवात केली, "आवं..." आणि मी नेहमीसारखा पुढं झालो. तेवढ्यात तिनं डावा हात उचलला, पंजा माझ्या कपाळावर ठेवला आणि मला मागं ढकललं. जोरात. आजारी बाईच्या हातात तेवढा जोर असंल असं मला वाटलं नव्हतं. मी स्टुलावरून पडता पडता वाचलो.

गळ्यातलं काढून मी खाटेवर टाकलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. माझ्याशी बोलायचंच नसंल तर ही दिव्याबिव्याची नाटकं कशाला? आयुष्यात पहिल्यांदा बायकोनं मला अंगापासून लोटलं होतं. गल्लीत कुठंतरी अजून दोन-चार माग चालतात, त्यांची धडधड कानाला नाही पण ओट्याच्या दगडातून बुडाला कळते. मी ती मोजत बसलो. मनात ठरवलं की आता आपणही भिंतीकडं तोंड करायचं.

थोड्या वेळानं नात बाहेर आली. हसत होती आणि डोळ्यांत पाणी. माझ्यापुढं बसून तोंड मोठं मोठं करून बोलली, म्हणजे मला ओठ दिसावेत.

"आबा, आजी म्हणतीय, तुमचं टाळकं दिव्याच्या आड येतंय!"

"काय येतंय?"

"टाळकं! आजी बोलली की तुम्ही तिच्या तोंडावर वाकता, कारखान्यात वाकायचा तसं. दिवा तुमच्या डोक्यावर, काच छातीवर. सगळी सावली काचेवर. मग आवाज पण जातो आणि वीज पण जाते. मी मेली मीटर बघत बसले, तुम्हाला बघितलंच नाही."

मी म्हणालो, "मग दिवा खाली टांगायचा."

"दिवा कुठंही टांगला तरी तुम्ही आडवे येणारच. तुम्ही मागं बसा."

मी उठलो नाही. लगेच उठलो असतो तर माझं चुकलं असं झालं असतं. वाकून ओठ बघणं ही काय चूक आहे का? त्याच्यावर मी सगळी नोकरी काढली. मी तिला सांगितलं, चहा कर. चहा आला, तो बशीत ओतून सावकाश प्यालो, बशी विसळली, आणि मग आत गेलो.

नातीनं स्टूल काढून पाठीची खुर्ची ठेवली, खाटेपासून चांगली लांब, भिंतीला टेकून. एवढ्या लांबून मला बायकोचं तोंड नुसतं पुसट दिसत होतं. मला ते पटेना. बोलणं ऐकायचं म्हणजे माणसाजवळ जायचं, एवढं मला माहीत. बोलणं ऐकायला लांब सरकायचं ही कुठली तऱ्हा? पण पाठ टेकली, खुर्चीचे हात घट्ट धरले. नातीनं काच दिव्याकडं तोंड करून नीट केली.

"आवं."

मी पुढं झालो. नातीनं मागून खांद्याला धरून ओढलं. पुन्हा पाठ टेकली.

"आवं. ऐकू येतंय का?"

शब्दांच्या कडा झिजलेल्या होत्या, 'स' आणि 'र' नीट निघत नव्हते. पण तो तिचाच आवाज. पंखा नाही, कुकर नाही, रिक्षा नाही. खोलीत एवढे आवाज असताना नुसतं तिचं बोलणं वेगळं काढून कुणी माझ्या कानात ठेवल्यासारखं.

"येतंय!" मी म्हणालो.

"मग वरडू नगा. मी भैरी न्हाय."

नात मागं फिस्सकन हसली असणार, खुर्ची हलली. मी आवाज खाली आणला. किती खाली आणायचा ते मला कळत नव्हतं, आयुष्यभर मागावर ओरडलेला माणूस मी. बायको म्हणाली, "अजून कमी. आता बरं."

मग ती थांबली. बोलून दमली होती. मला वाटलं झालं एवढंच. पण श्वास ऐकू येत होता, तेवढा वेळ मी हललो नाही.

"त्यो पंखा बंद करा," ती म्हणाली. "दिवाळीपासनं गारठून मरायला लागलीया मी."

"तूच तर हात दाखवायचीस वर!"

"पंख्याला न्हाय दाखवत. त्याच्या मागं झरोका हाय, झरोका. ऊन येतंय त्यातनं. मला उनात बसवा म्हणून सांगत व्हते. दारात. तुमी आपलं पंखा वाढवताय, पंखा वाढवताय. मग म्हटलं मरूंदे ह्या माणसाला सांगणं."

नातीनं पळत जाऊन पंखा बंद केला. मी म्हणालो, "सुनेला सांगायचं होतंस."

"ती दमून येतीया. तिला मला उचलायला लावू व्हय? आणि तुमाला काय धाड भरलीया? नवरा कुणाचा हाय?"

ती आणखी काहीबाही बोलत राहिली. चहात साखर जास्त घालता. उशी उलटी ठेवता. शेंगाच्या चटणीचा डबा उघडा राहतो. बोलता बोलता आवाज बारीक झाला, नात म्हणाली पुरे आता. मी म्हणालो, "राहू दे अजून जरा." त्या सगळ्या तक्रारी होत्या आणि मी खुर्चीला टेकून त्या गाणं ऐकल्यासारखा ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी तिला उचललं. तिचं वजन काही राहिलेलं नाही, आणि माझ्या कंबरेत अजून दम आहे, कुणी काही म्हणो. दारात गोधडी घातली, भिंतीला उशी लावली, तिला बसवली. थंडीतलं दुपारचं ऊन तिच्या पायावर आलं, मग मांडीवर. तिनं पाय लांब केले, म्हणजे एक केला आणि दुसरा मी करून दिला. डोळे मिटून उन्हात तोंड वर करून बसली.

काच माझ्या गळ्यात तशीच राहिली होती. कानात आवाज नाही, नुसती बारीक शिट्टी. मी बोटानं टकटक केली. त्या दिवशी कॉलेजला उशिरा निघालेली नात चपला घालता घालता माझ्यापुढं येऊन म्हणाली, "आबा, उन्हात त्याचं पोट भरतंय नुसतं. उन्हाला आजीचं बोलणं कुठलं ठाऊक? बोलायचं असलं तर आत दिव्याखाली."

समोरच्या घरातली म्हातारी आपल्या दारात विड्या वळत बसलेली. सूप घेऊन ती बायकोजवळ येऊन बसली, एवढ्या महिन्यांनी हिला बाहेर बघून तिलाही आनंद झाला. दोघी डोक्याला डोकं लावून काहीतरी बोलायला लागल्या. बायकोनं डाव्या हाताचं बोट माझ्याकडं केलं, काहीतरी म्हणाली, आणि ती म्हातारी हसता हसता सुपावर पालथी पडली. तंबाखू उडाली. बायकोही हसत होती, अर्ध्या तोंडानं, खांदे हलवून. आवाज मला आला नाही, पण खांदे दिसले.

ऊन भिंतीवर चढलं तेव्हा तिला आत घेतलं. खाटेवर निजवलं, पदराला माईक लावला, दिवा लावला. लांब जाऊन खुर्चीला पाठ टेकून बसलो आणि आवाज खाली ठेवून विचारलं, "काय म्हणालीस गं तिला माझ्याबद्दल?"

कानात श्वास आला. मग तिचा आवाज.

"ते तुमाला सांगायचं न्हाय."